तांदळाच्या डब्यातला कागद

वजीरा होडेकर चिडली की हातातलं काम टाकत नाही. उलट ते जास्त नीट करायला लागते. कोंडबंदरच्या जेटीवर बोटीचा माल उतरत असताना तिनं टोपलीतले बांगडे एकेक उचलून, तोंडं एका बाजूला करून लावायला घेतले, की व्यापारी एकमेकांना खुणावतात. त्या दिवशी लिलावात तिच्याशी कोणी घासाघीस करत नाही.

नवरा अब्दुल गेला तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. चाळिसाव्याच्या जेवणाची भांडी घासून व्हायची होती, तेवढ्यात दीर शाहीद म्हणाला, "भाबी, बोट इकून टाकूया. बायमाणसाक खलाशी जुमानूचे नाय."

वजीरानं टोपाचा तळ घासत विचारलं, "तुका जुमानतत?"

शाहीदची स्वतःची बोट त्या हंगामात दोनदा खलाशांवाचून जेटीला बांधून राहिली होती. तो विषय पुन्हा निघाला नाही. वजीराची बोट, मुलीच्या नावाची 'शिफा', त्यानंतर अकरा हंगाम एकदाही रिकामी राहिली नाही.

बोटीवर सुकाणू सांभाळणारा तांडेल महादू आणि सहा खलाशी. खलाशी सगळे नेपाळचे, कैलाली जिल्ह्यातले. ऑगस्टला येतात, मे संपता संपता गावी जातात. त्यांच्याबाबत बंदरावर एक जुनी रीत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी खलाशी मालकाच्या घरी चहा प्यायला येतो आणि उठताना आपला नागरिकतेचा दाखला मालकिणीच्या हातात ठेवतो. बोटीवर कागद भिजतो, म्हणून घरात बरा, असं सगळे म्हणत. कागद भिजतो हे खरंच होतं. पण त्यामागचं दुसरं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. ऐन हंगामात दुसऱ्या बोटवाल्यानं फूस लावली तरी कागदावाचून खलाशी जाईल कुठे?

वजीराकडे ते सहा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात असत, अगदी तळाला. खलाशांनी ते कधी मागितले नाहीत, तिनं कधी आपणहून दिले नाहीत. यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

त्या सहांतला टेकराज चौधरी सहा हंगाम तिच्याकडे होता. अंगानं बारीक, बोलायला कमी. पण इंजिनाजवळ उभा राहून, मान तिरकी करून तो नुसता ऐकायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचा. महादू त्याला 'डॉक्टर' म्हणे. मालवणी तो समुद्रावरच शिकला होता.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी टेकराज चपला आणायला बाजारात गेला आणि परतला नाही. बोट त्याच्याशिवाय गेली.

"खंय गेलो रे तो?" बोट परत आल्यावर वजीरानं महादूला विचारलं.

"पळालो आसतलो. देवगडच्या एका बोटवाल्याचो माणूस परवा हय घिरट्या घालीत होतो."

"फोन?"

"बंद."

"बंदच ठेवतलो मेलो! पळांदे. कागद माझ्या तांदळात आसा. येतलो हात जोडीत."

तो आला की काय काय ऐकवायचं, ते तिनं मनात घोळवून ठेवलं. त्या दोन दिवसांत ती बोटीसाठी बर्फ सांगायला दोनदा बाजारात गेली. दोन्ही वेळा रिक्षा पोलीस ठाण्यावरून गेली. तिनं मान वळवून बघितलंही नाही.

शुक्रवारी दुपारी टेकराज अंगणात येऊन उभा राहिला. पाय अनवाणी. वजीरा सुरमईच्या तुकड्या करत होती.

"इलंस? देवगडचा पाणी गोड लागला नाय?"

तो नुसता तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मी तुझ्याशी बोलतंय रे!"

तेव्हा त्यानं मान फिरवून उजवा कान पुढे केला. डाव्या कानाखाली मानेवर रक्ताचा सुकलेला ओघळ होता. "भाबी, ह्या बाजून बोला," तो म्हणाला. "थय आयकाक येणा नाय."

पाच मिनिटांत त्यानं सगळं सांगितलं. बाजारात पोलिसांची नाकाबंदी होती. परदेशी लोक शोधत होते. कागद दाखव म्हणाले. कागद मालकिणीकडे आहे म्हटल्यावर हवालदार हसला. मालकीण कोण, कुठली, कोणी विचारलं नाही. ठाण्यात नेलं. नेपाळी म्हणतोस, मग तिकडचं गाणं म्हणून दाखव म्हणाले. बंदरावरची एक चोरीही त्याच्या गळ्यात घालायला बघितलं. त्यानं कबूल केलं नाही, तेव्हा तळपायांवर पट्टा आणि कानाखाली उघडा हात. किती वेळा, ते त्यानं सांगितलं नाही. सोडताना म्हणाले, रविवारी कुडाळहून गाडी पकड आणि जा. पुन्हा दिसलास तर बघ.

"माझा नाव सांगलंस तरी माका कोणी फोन केल्यानी नाय?"

"मी सांगलंय, मालकीण येतली," टेकराज म्हणाला. "दोन दीस तेच सांगी होतंय."

वजीरानं सुरी खाली ठेवली नाही. उरलेल्या तुकड्या तिनं एकसारख्या बोटभर जाडीच्या केल्या, धुतल्या, मीठ लावलं. मग डब्यात कोपरापर्यंत हात घालून पिशवी काढली आणि ठाण्यात गेली.

ठाण्यात ती ऑफिसातली मराठी बोलते. फौजदारापुढे तिनं दाखला ठेवला. "हा बघा त्याचा कागद. आता सांगा, माझ्या माणसाला कशासाठी मारलंत?"

फौजदारानं दाखला बोटानं परत ढकलला. "कोण टेकराज? असा कोणी इथे आलाच नाही. ही वही बघा. बुधवार, गुरुवार. आहे कुठे नाव?"

"त्याच्या कानातून रक्त आलंय."

"दारू पिऊन पडला असेल. आणि बाई, त्याचा कागद तुमच्याकडे कसा? परक्या माणसाची कागदपत्रं अडकवून ठेवता? केस करायचीच तर कोणावर होईल, विचार करा. जा, मासे विका."

हवालदार दारात उभा होता. त्याच्या पायात नव्या चपला होत्या. त्या टेकराजच्या असतील की नसतील, तिला माहीत नव्हतं. पण पुढे कित्येक दिवस तिला त्या दिसत राहिल्या.

जास्त कशाचा राग आला, हे तिला घरी येताना नीट सांगता आलं नसतं. मारलं त्याचा, की आलाच नाही म्हणाले त्याचा. की कागदाबद्दल फौजदार जे बोलला ते खोटं नव्हतं, त्याचा.

शनिवारी सकाळी ती टेकराजला आणि महादूला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेली. तिथे एका खोलीत फुकट कायदेशीर सल्ला मिळतो असं महादूनं ऐकलं होतं. खोलीत ॲडव्होकेट सलोनी बसली होती, आतल्या गावच्या काजूवाल्यांची मुलगी. तिनं सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न टेकराजला विचारला, उजव्या बाजूला खुर्ची ओढून.

"डॉक्टरकडे गेलंस?"

"नाय."

"पयला सरकारी दवाखान्यात चल. मार कसलो, कधीचो, ता डॉक्टरान लिवन दिल्याशिवाय पुढचा काय सांगाचा नाय."

"पण मॅडम," महादू म्हणाला, "ह्यो परदेशी. ह्येका कसले हक्क?"

"मारूक परदेशी चलता, आणि तक्रारीक चलणा नाय?" सलोनी उसळली. "घटनेत लिवलाला आसा, कोणत्याही व्यक्तीचो जीव आणि स्वातंत्र्य. व्यक्ती! नागरिक असा लिवलाला नाय. पकडल्यावर कारण सांगाक होया, घरच्या नायतर ओळखीच्या माणसाक कळवक होया, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभो करूक होयो. हो तर नेपाळचो. हेका हय रवाक, काम करूक व्हिसासुद्धा लागणा नाय. गाडीत बस म्हणान सांगणारे ते कोण?"

"वहीत नावच नाय म्हणतत," वजीरा म्हणाली.

"दोन दिवस माणूस ठेवलो आणि नोंद केली नाय, ही त्यांची सुटका न्हय भाबी, हो त्यांचो दुसरो गुन्हो. ठाण्यात कॅमेरे आसत. ता चित्रण जपून ठेवा म्हणान आजच लिवया. एक अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांका, रजिस्टर पोस्टान. मानवी हक्क आयोगाक एक. कोणी हलले नाय तर मॅजिस्ट्रेटकडे खाजगी तक्रार." मग ती थांबली. "पण हो उद्या गाडीत बसलो तर सगळा थयच संपला. आणि भाबी, तुमचो जबाब लागतलो. शपथेवर. कागद कोणाकडे होतो, ह्यो पयलो प्रश्न येतलो."

मग महादू हलक्या आवाजात म्हणाला, "भाबी, सांगा मरे, कागद ह्येच्या खिशात होतो, पोलिसांनी काढून घेतल्यानी. दाखलो घराकडे आसा ता कोणाक कळता?"

"फौजदाराक कळता," वजीरा म्हणाली. "मी काल त्येच्या टेबलावर ठेवलंय."

"तरी पण..."

"आणि ह्येका कळता." तिनं टेकराजकडे बोट केलं. "दोन दीस सांगी होतो, मालकीण येतली म्हणान. आता मीच खोटा बोललंय तर त्येची खरी गोष्ट कोण मानतलो?"

दवाखान्यात डॉक्टरनं कानाचा पडदा फाटल्याचं लिहून दिलं. परत येताना रिक्षात टेकराज म्हणाला, "भाबी, कागद माका देतलात?"

सहा हंगामांत पहिल्यांदा त्यानं तो मागितला होता. तो रविवारी जाणार की राहणार हे वजीरानं विचारलं नव्हतं. विचारावंसं फार वाटत होतं. तिनं रेक्झिनच्या पिशवीतून दाखला काढून त्याच्या हातात दिला आणि रस्त्याकडे बघत बसली. त्यानं घडी उघडली, आपला जुना फोटो पाहिला, घडी घातली.

रविवारची गाडी कुडाळहून त्याच्याशिवाय गेली.

सोमवारी वजीरानं बाकीच्या पाचही जणांना बोलावलं आणि ज्याचा त्याला कागद दिला. बातमी संध्याकाळपर्यंत जेटीभर झाली. शाहीद तणतणत आला. "डोक्या फिरला काय तुझा? उद्या सगळ्यांचे खलाशी कागद मागतले! पळतले सगळे!"

"पळांदेत. कागद त्येंचे, पाय त्येंचे."

"तुझ्या एका टेकराजापायी..."

"टेकराजापायी न्हय," वजीरा म्हणाली. ती जाळ्यातली गाठ सोडवत होती, दातांनी, अगदी सावकाश. "माझ्या तांदळात कागद नसतो तर बाजारात धरताना त्येनी तो दाखवलो आसतो. पोलिसांनी तरीय मारलो आसतो काय, माका ठावक नाय. पण मी दोन दीस घरात बसान त्येका पळपुटो म्हणी होतंय. ता मी केलंय. पोलिसांनी न्हय."

आठवड्यात एक खलाशी खरोखरच देवगडच्या बोटीवर गेला. शाहीदनं ते तिला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

अधीक्षकांकडून उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये सलोनीनं मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार दाखल केली. इंजिनाचा आवाज टेकराजला आता अर्धाच येत होता. तो दोनदा चुकीचा बिघाड सांगून बसला, तेव्हापासून महादूनं त्याला 'डॉक्टर' म्हणणं बंद केलं. टेकराजला ते कळलं होतं.

जबाबाच्या दिवशी फौजदाराच्या वकिलानं उठून विचारलंच. "दाखला तुमच्या घरी होता हे खरं आहे?"

"खरं आहे."

"कुठे?"

"तांदळाच्या डब्यात."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"म्हणजे त्याची कागदपत्रं तुम्ही अडकवून ठेवली होती?"

"हो. चूक केली." वजीराचा आवाज चढला नाही. "त्याबद्दल मला काय ती शिक्षा करा. पण साहेब, कागद माझ्याकडे होता म्हणून याच्या कानाचा पडदा फाडायचा, असं कुठल्या कायद्यात आहे, ते यांना विचारा. माझ्या घराचा पत्ता बंदरावरच्या पोराला ठाऊक आहे. ठाण्यापासून रिक्षानं दहा मिनिटं. दोन दिवसांत एक शिपाई आला नाही."

मॅजिस्ट्रेटनी लिहून घेतलं. फौजदाराच्या वरिष्ठांचा अहवाल मागवला आणि त्या दोन दिवसांचं चित्रण हजर करायला सांगितलं.

मेच्या तारखेला अहवाल आला. त्यात होतं, त्या दोन्ही दिवशी कॅमेरा नादुरुस्त होता. बुधवार आणि गुरुवार. शुक्रवारी आपोआप चालू झाला.

"आपोआप?" मॅजिस्ट्रेट म्हणाले. "दुरुस्ती कोणी केली, कधी बोलावलं, त्याचा कागद आणा. पुढची तारीख जूनची." मग त्यांनी टेकराजच्या डाव्या बाजूला बसलेल्या कारकुनाला काही सांगितलं.

"तक्रारदाराचा ओळखीचा कागद दाखवा," कारकून म्हणाला.

टेकराजला ते ऐकू गेलं नाही. सवयीनं वजीराचा हात रेक्झिनच्या पिशवीत गेला. पिशवीत चष्मा आणि पानाचा डबा होता. तिनं हात बाहेर काढला आणि टेकराजच्या उजव्या खांद्याला हलकेच लावला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग कारकुनाकडे, आणि शर्टाच्या आतल्या खिशातून दाखला काढून स्वतः पुढे ठेवला.

बाहेर व्हरांड्यात सलोनी म्हणाली, "जूनमध्ये बोटी बंद. तू गावाक जातलंस, टेकराज?"

"नाय," तो म्हणाला. "रवतलंय. कागद बघूचो आसा, त्या कॅमेऱ्याचो."

सलोनीच्या हातातली अहवालाची पानं वजीरानं मागून घेतली, बाकावर ठेवली आणि एकेक उचलून, कडेला कड जुळवून, नीट एकावर एक रचायला लागली. फौजदाराचा वकील पायऱ्या उतरताना तिच्याजवळ थबकला. "बाई, मिटवून टाकायचं असेल तर..."

महादूनं त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं. "साहेब, आज नको," तो म्हणाला. "आज भाबी चिडली आसा."