माझे गाल आणि आईचा लेप

पुस्तकी मराठीत मुरमांना तारुण्यपीटिका म्हणतात. मला एकोणतीस पूर्ण झाली, तारुण्य निघायच्या तयारीत आहे, पण पीटिकांना तसं कुणी कळवलेलं दिसत नाही. चौदाव्या वर्षी आल्या त्या मुक्कामालाच. गालांवर कायमच्या, हनुवटीवर आलटून पालटून, आणि घरात काही कार्य असलं की एक नेमकी नाकाच्या शेंड्यावर.

आम्ही जयनगरचे. चार पिढ्यांपासून इथे, बाबांचं कापडाचं दुकान, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यामुळे मला सल्ले दोन्ही भाषांत मिळाले. शेजारच्या अक्का म्हणायच्या, स्वल्प, म्हणजे थोडा, कडुनिंब वाटून लाव, सरी होतं, म्हणजे ठीक होतं. मावशी म्हणायची, पोट साफ ठेव. एचएसआर लेआउटमधल्या माझ्या ऑफिसात तर मॅनेजरबाईंनी दूध, साखर आणि ताण सोडायला सांगितलं. ताण सोडायचा तर नोकरीच सोडावी लागली असती, पण तेवढं त्या बोलल्या नाहीत. रोग रेड्याला, औषध पखालीला, दुसरं काय!

चेष्टा करते आहे, पण तेव्हा मी रडकुंडीला आलेली असायचे. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. फोटोत मागच्या रांगेत. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की आईच म्हणायची, लग्नाच्या मुलीने चामडीच्या डॉक्टरकडे चकरा मारल्या तर लोक काय म्हणतील. लोकांना माझा चेहरा दिसत नव्हता, डॉक्टरची पाटी तेवढी दिसली असती.

दोन वर्षांपूर्वी आईने कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या अण्णांकडून एक क्रीमची ट्यूब आणली. अण्णा म्हणे रोज दहाजणींना देतात. मी बारीक अक्षरं वाचली, त्यात स्टेरॉइड होतं. मी ट्यूब कचऱ्यात टाकली आणि आईला तासभर भाषण दिलं. ती चक्क काहीच बोलली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात लेप अवतरला. बेसन, हळद, साय. तिच्या आजोळचा, असं तिने सांगितलं. नियम कडक: वाटीत तीच कालवणार, मला हात लावायचा नाही, आणि नंतर चेहरा धुवायचा नाही, नुसता कापसाने पुसायचा. पंधरा दिवसांत गाल असे स्वच्छ झाले की मीच आरशात दोनदा बघितलं. आईचा भाव काय वधारला म्हणता! प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला बायका कृती विचारायच्या आणि ती खुशाल सांगायची. गुण कुणालाच आला नाही. त्यावर आईचं उत्तर तयार असायचं, हातगुण लागतो बाई. मीही मान डोलवायचे. शिकलेली मुलगी ना मी.

पुढे गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस पुण्याला गेले, लेप चुकला, आणि चेहरा पेटलाच. उन्हात पाऊल टाकवेना. परत आले ती सरळ डॉक्टरकडे, आई सोबत. डॉक्टरबाईंनी एक नजर टाकून विचारलं, स्टेरॉइडचं क्रीम किती महिने लावता आहात? मला असा राग आला! मी त्यांना सुनावलं की असलं काही मी कचऱ्यात टाकते, आमच्याकडे फक्त घरचा लेप असतो. आई शेजारच्या खुर्चीत पर्सची चेन उघडबंद करत होती. डॉक्टर म्हणाल्या, जे काही लावता आहात ते सगळं बंद करा. आधी काही महिने आणखी बिघडेल, मग हळूहळू सुधारेल. आगीतून फुफाट्यात, तेही फी भरून.

घरी येताना रिक्षात आईने सांगितलं. ट्यूब ती आणत राहिली होती. लेपात अर्धा चमचा घालत होती.

चार दिवस मी ताट उचलून माझ्या खोलीत नेऊन जेवले. पाचव्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "तू आरशाकडे पाठ करून वेणी घालायचीस," ती म्हणाली. "मला ते बघवेना." राग गेला नाहीच, पण तो नुसता राग राहिला नाही, आणि ते मला जास्त जड गेलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. माझा चेहरा तेव्हा ऐन बहरात. 'गोड बोला' म्हणून तिळगूळ घ्यायचा आणि माझ्या गालांबद्दल बोलायचं, हे दरवर्षीचंच. म्हणून मी स्वयंपाकघरात लपून एळ्ळु-बेल्लच्या, म्हणजे इकडच्या तिळगुळाच्या, पुड्या भरत बसले. बाहेरून एका काकूंचा आवाज आला. त्यांच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं, तिच्या कपाळावर पुटकुळ्या होत्या, लेपाची कृती पुन्हा एकदा सांगाल का वहिनी? माझा हात थांबला. दोन वर्षांची शान होती ती आईची. हातगुणाचं ऐकायला मी तयारच होते.

"लेपाने नाही झालं ते," आई म्हणाली. "दुकानातलं क्रीम घालत होते मी त्यात, पोरीला न सांगता. तिचा चेहरा मीच बिघडवला."

पंधरा-वीस बायकांनी ते ऐकलं. आता कुणीतरी हळहळेल असं मला वाटलं. काकूंनी आवाज खाली आणला.

"कुठलं क्रीम? नाव काय त्याचं?"

आईने मला हाक मारली. मी ओढणी गालांवर ओढून घ्यायला गेले आणि ती तशीच खुर्चीवर टाकून, पुड्यांचं ताट घेऊन बाहेर आले.

"आधी हिच्याकडे बघा," आई म्हणाली, "मग नाव विचारा."

मी ताट धरून ट्यूबलाइटच्या खाली उभी राहिले, आणि काकूंना हवा तितका वेळ बघू दिलं.