मोरीमागचा तरवड

आमचा धंदा कातडं कमावण्याचा. मेलेल्या जनावराचं कातडं चुन्याच्या हौदात मुरवायचं, केस खरवडून काढायचे, मग त्याची पिशवी शिवून टांगायची आणि तरवडाच्या सालीचं पाणी तिच्यात भरत राहायचं. शाळा मी दुसरीत सोडली, पण कातड्यावरून नुसतं बोट फिरवून साल कुठं कमी पडली ते सांगायचो. चुना मात्र हात खायचा. पेरांना भेगा पडायच्या, भाकरी मोडताना रक्त यायचं.

त्यावर औषधही तरवडच. साल माझी, फुलं बायकोची, अशी आमची वाटणी. श्रीगोंद्याकडच्या आमच्या माळावर तरवड आपोआप उगवतो, त्याला कोणी लावत नाही. पण हिनं हौसेनं घरामागं मोरीच्या पाण्यावर बी टोकलं होतं. झुडपं पुरुषभर उंच झाली. पिवळी फुलं ती सावलीत वाळवायची, कुटून वस्त्रगाळ करायची आणि मसुराच्या पिठात कालवून तोंडाला लावायची. उरलेलं माझ्या हातांना. लावताना बोलणं ठरलेलं, "दुनियेचं कातडं कमावता, सोताचं तेवढं गमावता!"

गावात कुणा पोरीचं लग्न ठरलं की ती फुलांची पूड मागायला हिच्याकडं यायची. एरवी आमच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, वासानं नाकाला पदर लावूनच बाया पुढं जायच्या. पण फुलांना विटाळ नव्हता. पोरी मोरीजवळ बसायच्या, हिच्याकडून तोंडाला लेप लावून घ्यायच्या, सासरच्या गोष्टी करून खिदळायच्या. हौदापाशी मला ते ऐकू यायचं. तेव्हा मी कधी कान दिला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात जनावरं पटापट मेली. वरच्या वस्तीवरचा एक शेतकरी आपल्या बैलाचं कातडं घेऊन आला. बैल घरचाच, जन्मभर विहिरीवर मोट ओढलेला.

"गड्या, ह्याची मोट कर," तो म्हणाला. "पाऊस झाला की पयलं पानी ह्याच्याच कातड्यानं काढीन."

मी शब्द दिला.

कातडं निम्मं कमावून झालं आणि साल संपली. माळावरचा तरवड लोकांनी जळणाला नेला होता. मी आसपासचे सगळे माळ धुंडाळले आणि रिकामं पोतं घेऊन परत आलो. शेजारी म्हणाला, बाभळीची साल घाल. घालता आली असती. पण बाभळीनं कातडं लाल आणि कडक होतं, त्याची मोट घडीवर चिरते. तसला माल मी कुणाच्या हातात दिला नव्हता आणि कातडं कधी कुजूही दिलं नव्हतं.

बायको उंबऱ्यात बसली होती. तिनं पोत्याकडं बघितलं.

"मागं हाय की."

"ती तुझी फुलाची झाडं हायत."

"मग? मला का आता नवरी व्हायचंय? काढा."

"बाभूळ घालतो."

"घालाल तुमी! मोट चिरली तर वरीसभर तोंड पाडून बसाल. ते कुनी बघायचं? काढा म्हन्ते न्हवं."

फांद्या तोडून खोड ठेवलं असतं तर तरवड परत फुटला असता. पण फांद्यांची साल पुरेना. मुळीची साल सगळ्यात जहाल, हे माझ्याबरोबर राहून तिलाही माहीत झालं होतं.

"मुळी ठेवू," मी म्हणालो.

"मुळी ठिवली तर कातडं पुरं व्हतंय का?"

कुदळ तिनंच आणली. आधी झाडावर होती नव्हती ती फुलं खुडून पदरात घेतली.

कातडं असं उतरलं की काय सांगू! फिकट, लोण्यासारखं मऊ. मोट शिवली. पुढच्या साली पाऊस झाला, पण शेतकरी काही आला नाही. मग मीच मोट खांद्यावर टाकून त्याच्या विहिरीवर गेलो. विहिरीवर इंजन धडधडत होतं.

"बैलच न्हाई गड्या, मोट वढनार कोन?" तो म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं.

मोट घेऊन परत आलो. बायको "माळ्यावर ठिवा," एवढंच म्हणाली. मोट अजून तिथंच आहे. हात लावून बघा, आजही कुठं ताठरली नाही. ते कातडं कुजू द्यायला हवं होतं, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

पण मोरीमागं पुन्हा तरवड झाला नाही. मी माळावरून बी आणून टोकलं, पाणी घातलं, वर्षामागून वर्षं. माळावर दगडातून उगवणारं झाड आमच्या ओलीत काही रुजलं नाही.

शेवटच्या फुलांची पूड तिनं पत्र्याच्या डबीत जपून ठेवली होती, कुणी पोरगी आली तर असावी म्हणून. गावात लग्नं ठरत होती. पण आमच्याकडची झाडं गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, मग कोण कशाला येईल? वाटेत भेटल्या तर पोरी हसायच्या आणि पदर नाकाला लावून पुढं जायच्या. ही संध्याकाळी मोरीजवळ एकटीच भांडी घासत बसायची. कुणी हाक मारली असं वाटून एकदोनदा उठूनही बघायची.

एका दिवशी तिनं डबी उघडली, सगळी पूड पाण्यात कालवली आणि माझ्या हातांना लावली. बोट न् बोट, पेर न् पेर. मी वाट बघत होतो, आता बोलेल, मग बोलेल. तिचं ते नेहमीचं वाक्य ती बोललीच नाही.