विहीणबाईंबरोबर ढगांत

लेकीचं लग्न ठरलं आणि तिच्या होणाऱ्या सासूबाईंनीच त्यांच्या मुलुखाच्या सहलीचा बेत काढला. नवऱ्या मुलाला रजा मिळेना, म्हणून आम्ही तिघीच निघालो. मी, लेक आणि विहीणबाई. विहीणबाई आमच्यासारख्याच मिनेसोटात केस पिकवलेल्या, पण मूळच्या चीनमधल्या सिच्वानच्या. म्हणजे पुण्यातल्या गाड्यांवर ज्याच्या नावाने लालभडक भात मिळतो ते शेजवान. तिथे तो भात कुणालाच ठाऊक नाही, हे मी स्वतः विचारून आले आहे.

चेंगदू शहर सोडलं तशी गाडी चढायला लागली. आधी बांबू, मग देवदारासारखी उंच झाडं, मग नुसता ढग. मधूनच ढग फाटायचा आणि खाली एखादं तळं दिसायचं, निळं की हिरवं ते ठरवेपर्यंत पुन्हा झाकलं जायचं. एका तळ्याच्या तळाशी जुनी झाडं आडवी पडलेली होती. पाणी इतकं नितळ की फांद्या मोजाव्यात. आजूबाजूचे लोक फोटो काढत होते, पण मला आवाजच ऐकू येत नव्हता. विरळ हवेने असेल, पण त्या दिवसांत मी जागी होते की झोपेत, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ऐकू यायचं ते एकच. मागच्या सीटवर लेक आणि विहीणबाई चिनीत बोलायच्या.

लग्नाचं घाटत होतं तेव्हापासून लेक दर शनिवारी चिनीच्या क्लासला जायची. हीच मुलगी रविवारची मराठी शाळा सॉकरसाठी सोडून बसली होती. ईडन प्रेरीच्या आमच्या स्वयंपाकघरात मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा रिवाज ती शाळेत जायला लागली तेव्हापासूनचा. तिला सगळं समजतं, यावर मी समाधान मानून घेतलं होतं. आणि आता ती मागे बसून परक्या भाषेत खुदुखुदू हसत होती. मला राग आला. आता ही बोलायलासुद्धा त्यांचीच होणार, असं सारखं वाटत राहिलं.

त्यात विहीणबाईंचा आग्रह. माझी स्वतःची पिशवी मला उचलवेना, तर त्यांनी वाटेत घेतलेल्या नासपतींची एक पिशवी माझ्या हातात दिली, तुमच्यासाठी म्हणून. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ते हेच.

संध्याकाळी एका तिबेटी घरी उतरलो. जाड दगडी भिंती, खिडक्यांना रंगीत चौकटी, चुलीवर खारट लोण्याचा चहा. घरच्या आजींनी वाडग्यात पीठ घेतलं, त्यावर चहा ओतला आणि बोटांनी मळून एकेक मुटका आमच्या हातावर ठेवला.

"अगं, हे तर सातूचं पीठ!" मी लेकीला म्हटलं.

"आई, इट्स त्साम्पा," ती म्हणाली आणि लगेच वळून विहीणबाईंना चिनीत काहीतरी सांगायला लागली.

विहीणबाईंनी आजींना चिनीत दोन-तीन प्रश्न विचारले. आजी नुसत्या हसल्या. त्यांना तिबेटीखेरीज काही येत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तिथे आम्ही दोघी सारख्याच मुक्या.

दुसऱ्या दिवशी खिंडीत पोचलो. डोंगरभर रंगीत पताका, वाऱ्याने सगळ्या एकदम फडफडत होत्या. लेक मॅरेथॉन पळणारी. आम्हा दोघींना "टेक युअर टाइम" सांगून ती भराभर वर चढून गेली. आम्ही दर चार पावलांना थांबत, एकमेकींचा हात धरून वर पोचलो, तर ती एका दगडाला टेकून बसलेली. ओठ पांढरे. आम्हाला पाहून उठायला गेली आणि तिथेच ओकली.

ड्रायव्हरने धावत ऑक्सिजनचा डबा आणला. तिला गाडीत आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर, आणि गाडी उताराला लागली. विहीणबाई तिच्या पायांशी बसून, वाकून चिनीत विचारत होत्या. उत्तर नाही. मी घाबरून चक्क इंग्रजीत विचारायला लागले. उत्तर नाही.

मग डोळे न उघडता ती म्हणाली, "आई, डोकं दाब ना. खूप दुखतंय गं."

मी दाबायला लागले. माझी पोर दुखण्याने कळवळत होती आणि मला आनंद झाला होता. आईने असं असावं का? पण झाला, त्याला काय करणार. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय म्हणाली ती?" विहीणबाईंनी आमच्या दोघींच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

मी सांगितलं.

त्या बाहेरच्या ढगाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माझा मुलगा तापातसुद्धा इंग्रजीतच बरळतो. लहान होता तेव्हापासून. माझ्या घरात माझ्याशी माझ्या भाषेत बोलते ती ही एकटीच."

लेकीचे बूट मी वाकून काढले, तिचे पाय उचलून विहीणबाईंच्या मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "तळवे गार पडलेत, तुम्ही चोळा."

त्या अंगठ्याने तळवे चोळू लागल्या आणि हळू आवाजात चिनीत तिला काहीतरी सांगू लागल्या. लेक मधूनमधून हुंकार देत होती. एक अक्षर मला कळत नव्हतं. खाली गाव येईपर्यंत त्या बोलत होत्या, आणि त्यांनी थांबू नये असं मला मनापासून वाटत होतं.