एका डिस्कच्या दोन मालकिणी

पनवेलला आमचा फोटो स्टुडिओ घराच्याच तळमजल्यावर होता. नवरा लग्नांचे फोटो काढायचा. मी आणि माझी धाकटी नणंद अल्बम करायचो. नणंद त्या वर्षी सासर कायमचं सोडून एका बॅगेनिशी आली होती. तिला वेगळी खोली नव्हती, कपाटात एक कप्पा तेवढा दिला होता, तोही माझ्या साड्यांखाली. कधी कुरकुर नाही. मला त्याचाच राग यायचा. अगं, भांड की एकदा!

फोटोंनी दोन्ही कॉम्प्युटर गच्च भरले, तेव्हा नवऱ्याने सर्व्हर आणला. त्यात आम्हा दोघींसाठी एक सामाईक फोल्डर केला. पण व्हिडिओचं काम माझ्याकडे असायचं आणि त्या फोल्डरवर ते फार रखडायचं. म्हणून त्याने सर्व्हरमधल्या जागेचा एक तुकडा नेटवर्कवरून थेट माझ्या कॉम्प्युटरला जोडून दिला. स्क्रीनवर तो माझ्या स्वतःच्या डिस्कसारखा दिसायला लागला. नणंद मागे उभी राहून सगळं बघत होती.

मग गव्हाणच्या एका हळदीचं काम आलं. अर्धे फोटो तिने नीट करायचे, अर्धे मी. सामाईक फोल्डरमध्ये तिचा एकही फोटो येईना.

"दिवसभर करतेस तरी काय गं?" मी फणकारले.

"वहिनी, मी सगळे टाकलेत."

तेवढ्यात माझी डिस्क उघडेनाशी झाली. आतलं काहीच वाचता येईना.

नवऱ्याने तिचा कॉम्प्युटर बघितला आणि कपाळावर हात मारला. बघून बघून तिने तोच तुकडा आपल्यालाही जोडून घेतला होता. दोन्ही कॉम्प्युटरना वाटत होतं, डिस्क आपल्या एकट्याची. एकमेकांना न विचारता दोघंही त्यात भरत सुटले. एकाच डब्यात एकीने साखर ओतावी, दुसरीने मीठ, तशी गत.

कॅमेऱ्याची कार्डं पुसली नव्हती म्हणून फोटो वाचले. मेहनत मात्र पाण्यात गेली. नवरा भडकला, "सामाईक फोल्डर होता ना? याला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

"इथं सगळं सामाईकच आहे रे दादा," ती हळूच म्हणाली. "ही डिस्क माझ्या स्क्रीनवर आली, तेव्हा वाटलं, एवढी तरी माझी. जाऊ दे. मी सुकापूरला खोली बघते."

ती खरंच गेली असती.

"अरे, पुरे झाला आरडाओरडा," मी नवऱ्याला म्हटलं. "सर्व्हरमध्ये जागा काय कमी आहे? तिला तिचा वेगळा तुकडा काढून दे."

त्याने दिला. "नाव काय देऊ डिस्कला?" त्याने विचारलं. त्याला बाजूला सारून तिने स्वतःच टाइप केलं: माझी.

संध्याकाळी मी कपाटातल्या माझ्या सगळ्या साड्या काढल्या आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. खोलीचा विषय तिने परत काढला नाही.

काही दिवसांनी मी सवयीने एक शाल त्या उघड्या राहिलेल्या कपाटात कोंबली. ती तरातरा खाली आली. "वहिनी, माझ्या कपाटात ठेवताना विचारत जा हं!"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!