हवा विचारून बोलणारे नेमाण्णा

नेमगोंडा मगदूम फोनवर नंबर लावण्याआधी एक प्रश्न विचारत. हँडसेट कानाला लावायचे, बटण दाबायचे आणि समोर कोणी नसताना मोठ्याने म्हणायचे, "हवा मोकळी हाय का?" मग डोळे मिटून थांबायचे. उत्तर आलं, तर "बोला, बोला, माझं काय घाईचं न्हाई," म्हणून हँडसेट खाली ठेवायचे. उत्तर आलं नाही, तर हवा मोकळी आहे असं समजायचं आणि मग नंबर लावायचा. सगळी वस्ती त्यांना नेमाण्णा म्हणे. मीही पुढे तेच म्हणू लागलो.

ही वस्ती तासगाव रस्त्याला, मुख्य गावापासून ओढ्यापलीकडे होती. जैन शेतकऱ्यांची काही घरं, त्यांच्या द्राक्षबागा आणि बागांत काम करणारी चार-दोन कुटुंबं. टेलिफोनची तार गावापर्यंत आली होती, ओढा ओलांडून पुढे आली नव्हती. नेमाण्णांचं जुनं घर गावात होतं आणि फोनही तिथेच होता. ते स्वतः मात्र वस्तीवर बागेत राहत. कोणाचा फोन आला की गावातून सायकलवर निरोप येई, आणि तोपर्यंत पलीकडच्याने फोन ठेवलेला असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी मुंबईहून लांब पल्ल्याचा कॉर्डलेस फोन आणवला. मूळ यंत्र गावातल्या घरात तारेला जोडलं. त्या घरावर एक आणि वस्तीवर एक असे दोन उंच लोखंडी पाइप उभे केले आणि त्यांच्या टोकाला एरियल बसवल्या. वस्तीवर हँडसेट वाजू लागला. पहिल्याच आठवड्यात शेजारी ऐकायला आले. नेमाण्णांनी आणखी हँडसेट मागवले आणि ते वस्तीतल्या घरांत देऊन टाकले. असे फोन परवान्याशिवाय वापरायला बंदी होती. ते त्यांना ठाऊक होतं, विचारलं तर सांगतही.

लाइन एक आणि हँडसेट अनेक, त्यामुळे एका वेळी एकालाच बोलता येई. दुसऱ्याने मधे हँडसेट उचलला तर त्याला पहिल्याचं सगळं बोलणं ऐकू येई. म्हणून तो प्रश्न होता. घंटी वाजली की सगळ्या घरांत वाजे आणि सगळे उचलत. पलीकडच्याने कोण पाहिजे त्याचं नाव सांगितलं की बाकीच्यांनी ठेवून द्यायचं, ही दुसरी रीत. दोन्ही नेमाण्णांनी घालून दिलेल्या.

मी तेव्हा एका दैनिकाचा सांगलीतला वार्ताहर होतो. अवकाळी पावसाने बागांचं नुकसान झालं म्हणून पाहायला गेलो होतो. बातमी कार्यालयात कळवायची होती आणि परतीच्या बसला वेळ होता. नेमाण्णांनी हँडसेट हातात दिला. मी थेट नंबर दाबू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"आवं, आधी विचारा की."

"कोणाला?"

"ते आपल्याला कुठं ठाव हाय? जो कोण बोलत असंल त्याला."

मी विचारलं. एका बाईचा आवाज आला, "कोण वो हे? नवा आवाज हाय."

"पेपरवाले हायेत, यमुनाक्का," नेमाण्णांनी माझ्या खांद्यावरून ओरडून सांगितलं.

"मग बोलू द्या त्यांना. माझं माहेर काय पळून जात न्हाई."

बातमी सांगून झाल्यावर नेमाण्णांनी माझं गाव विचारलं. वाई म्हटल्यावर घरी फोन आहे का, ते विचारलं. शेजाऱ्यांकडे आहे म्हटल्यावर हँडसेट पुन्हा माझ्या हातात देऊन म्हणाले, "लावा. आईला सांगा, सांगलीत पाऊस झाला पर मी भिजलो न्हाई." मी लावला. त्यानंतर त्या बाजूला गेलो की वस्तीवर जाणं होई.

ते उंच, काटकुळे, पांढरी टोपी घालणारे गृहस्थ होते. दिवस मावळायच्या आत जेवत आणि त्या वेळेला फोन उचलत नसत. "आमच्यात सूर्याबरोबर ताट उचलायचं असतं," ते सांगत, "त्यात दलालाचा भाव ऐकला की घास उतरत न्हाई." शाळा सातवीपर्यंत झाली होती. यंत्राच्या पोटात काय आहे हे त्यांना कळत नव्हतं आणि कळतं असं ते दाखवतही नसत. बिघडलं की सांगलीला पाठवत. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. एकाच फोनवर इतकी माणसं भांडण न करता कशी बोलतील, याचा ते सतत विचार करत.

द्राक्षाचा हंगाम आला की ते अवघड होई. माल तयार, व्यापाऱ्यांचे भाव सकाळी एक तर दुपारी दुसरे, आणि प्रत्येकाला त्याच वेळी बोलायचं असे. एका हंगामात वाद हातघाईवर आला. तेव्हा नेमाण्णांनी वस्तीला बसवून तोडगा काढला. वस्तीच्या सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, ज्याची बाग मोठी त्याची पाळी मोठी. तशाच पाळ्या फोनला लावल्या. सगळ्यांना ते पटलं. पिढ्यान्‌पिढ्या पाणी असंच वाटलं होतं, त्यात चुकण्यासारखं काही कोणाला दिसलं नाही.

हौसाबाई पवार त्या बैठकीला हजर होत्या. त्या विधवा होत्या आणि नेमाण्णांच्याच बागेत कामाला होत्या. त्यांचा एकुलता मुलगा संपत फौजेत होता आणि रविवारी सकाळी छावणीतल्या फोनवरून आईशी बोले. हौसाबाईंना जमीन नव्हती, म्हणून त्यांना पाळी मिळाली नाही. ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही.

पहिल्या रविवारी भूपाल चौगुले यांची पाळी होती. त्यांची बाग सर्वांत मोठी होती, आणि ते सकाळभर व्यापाऱ्यांशी बोलत होते. हौसाबाई नेमाण्णांच्या ओसरीवर हँडसेटजवळ बसून राहिल्या आणि दुपारी उठून कामाला गेल्या. पुढच्या रविवारी संपतचा फोन लागला.

"गेल्या रविवारी रांगेत उभा राहून लावत होतो आई. लागतच न्हाई. मागची पोरं वरडाय लागली, मग सोडला नंबर. तू बरी हाईस न्हवं?"

नेमाण्णांनी हे शेजारी बसून ऐकलं. त्याच दिवशी त्यांनी वस्तीला पुन्हा बोलावलं. त्या वेळी मी तिथे होतो.

"पाळ्या मोडल्या," ते म्हणाले.

"का वो अण्णा? बरं चाललंय की," भूपाल म्हणाले.

"तुझं चाललंय रं. पाणी जमिनीला लागतं, म्हणून जमीन बघून वाटायचं. बोलणं माणसाला लागतं. मी हितंबी बागा मोजत बसलो. माझी चूक हाय."

"मग आता कसं?"

"पयल्यासारखं. इचारायचं, ऐकायचं, दुसऱ्याची गरज मोठी असली तर ठेवायचं. आणि रविवारी सकाळी कुणीबी फोन लावायचा न्हाई. हवा रिकामी ठेवायची."

"रिकामी ठेवून काय मिळणार?"

"ते हौसाक्काला इचार."

भूपाल कुरकुरले, पण त्यांनी पाळलं. रविवारची सकाळ वस्तीवर तेव्हापासून रिकामी राहू लागली.

पुढे मोबाइल फोन सांगलीत आले. शहरातल्या काही डॉक्टरांच्या आणि कारखानदारांच्या हातात ते दिसू लागले. एका मोबाइल कंपनीचा तरुण इंजिनिअर साताऱ्याहून टॉवरसाठी जागा पाहत वस्तीवर आला. नेमाण्णांचा माळ उंचावर होता आणि तो त्याच्या नजरेत भरला होता. चहा पिता पिता त्याने दोन्ही एरियलकडे पाहिलं.

"काका, हे सगळं आता जाणार. आमचा फोन खिशात घेऊन तुम्ही पुण्यापर्यंत बोलत जाल. हवा मोकळी आहे का, असं कोणाला विचारायला नको."

"कुणाला विचारायला नको?"

"कोणालाच नको. सगळं कंपनी बघते. कोणाला कधी बोलू द्यायचं ते आमचं यंत्र ठरवतं."

"म्हंजे पाटकरी कंपनीचा." पाटाचं पाणी सोडणाऱ्याला तिकडे पाटकरी म्हणतात.

इंजिनिअर हसला. "तसं म्हणा. पण पाणी सगळीकडे पोचेल. तुमचं हे दोन मैलांत संपतं."

"ते खरं हाय. तुमचा पाट येऊ दे, मला पायजेच. जागा बी देतो. पर पाट आला म्हणून कोण घरची हीर बुजवतं का गा? रस्त्याला, रानात, परगावाला तुमची हवा. घरात आल्यावर आपली. पुढं दोन्ही ऱ्हाणार बघा."

"घरात तरी कशाला लागेल वेगळी विहीर?"

"घरात माणसं लय असत्यात आणि लय बोलत्यात. तुमच्या पाटाला तेवढं झेपायचं न्हाई."

इंजिनिअरने नम्रपणे मान हलवली. त्याला ते पटलेलं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा आपल्या वस्तूवरचा जीव, असं मी समजलो. टॉवरचं काम कागदावरच राहिलं आणि पुढचं वर्ष तसंच गेलं.

दशक संपत आलं होतं. उन्हाळ्यात सीमेवर लढाई सुरू झाली. संपतची तुकडी वर गेली आणि रविवारचे फोन थांबले. रविवारमागून रविवार वस्ती फोन न लावता बसून राही. हौसाबाई ओसरीवर बसत. कामाच्या दिवशीही त्यांची मान दर थोड्या वेळाने घराकडे वळे. शहिदांची नावं आम्ही रोज छापत होतो. हौसाबाई पेपर वाचायला मागत नसत. भूपाल रोज वाचत आणि "आज न्हाई," एवढंच येऊन सांगत.

त्याच दिवसांत एका सायंकाळी वायरलेसच्या तपासणीची सरकारी जीप वस्तीवर आली. जवळच्या एका खात्याच्या वायरलेसवर गेला महिनाभर बेदाण्याचे भाव ऐकू येत असल्याची तक्रार होती. अधिकाऱ्यांनी एरियल पाहिल्या आणि परवाना मागितला.

"न्हाई," नेमाण्णा म्हणाले. "आधी जेवून घ्या. दिवस मावळल्यावर आमच्यात चूल न्हाई."

"आम्ही जप्तीला आलोय."

"जप्ती पळत न्हाई, साहेब. सूर्य पळतो."

अधिकारी जेवले. ताटावरून उठल्यावर नेमाण्णांनी सगळे हँडसेट मागवून त्यांच्यापुढे ठेवले. यंत्र बेकायदा आहे हे मान्य केलं आणि एकच मागणी केली. "सोमवारी मी सोता पाइप उतरवून यंत्र तुमच्या कचेरीत आणून देतो. रविवार तेवढा जाऊ द्या."

"रविवारी काय आहे?"

नेमाण्णांनी ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या हौसाबाईंकडे पाहिलं. त्यांचा मुलगा कुठे आहे ते सांगितलं.  साहेब ड्रायव्हरला जीप वळवायला सांगून म्हणाले, "सोमवारी आणा. आणि तोपर्यंत भाव बोलू नका."

त्या रविवारी मी सैनिकांच्या कुटुंबांवर लिहायचं म्हणून वस्तीवर गेलो होतो. सकाळ सरत आली. हँडसेट पुन्हा घरोघरी गेले होते आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी त्याच्याजवळ होतं. ऊन ओसरीवर चढलं. यमुनाक्कांनी हौसाबाईंसमोर चहा ठेवला होता, त्यावर साय धरली होती.

घंटी वाजली. रीतीप्रमाणे सगळ्या घरांनी उचललं आणि सगळे नाव ऐकायला थांबले. हँडसेट हौसाबाईंच्या कानाला होता, पण त्यांच्या तोंडून शब्द येत नव्हता. "हॅलो? हॅलो?" पलीकडचा आवाज खरखरीतून येत होता. लाइन गेली असं समजून तो ठेवून देईल, असं मला वाटलं. नेमाण्णा खाली वाकले.

"हौसाक्का, बोला. हवा तुमचीच हाय."

"संपत," त्या म्हणाल्या.

"आई! आवाज का गं असा? मी बरा हाय. खाली आलोय आता."

फोन कोणाचा ते कळलं होतं. आता बाकीच्या घरांनी हँडसेट ठेवायचे होते. त्या दिवशी एकानेही ठेवला नाही. समोरच्या ओसरीवर भूपाल हँडसेट कानाला लावून उभे होते आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत होते. नेमाण्णांनी ते पाहिलं आणि चालू दिलं. 

सोमवारी त्यांनी दोन्ही पाइप उतरवले. यंत्र आणि हँडसेट पोत्यात घालून बसने सांगलीला नेऊन दिले. पावती मागितली नाही.

पुढे टॉवर माळावर उभा राहिला आणि वस्तीत प्रत्येकाच्या खिशात फोन आला. त्यानंतर काही वर्षांनी नेमाण्णांच्या नातीने घरात भिंतीवर एक डबी बसवली. वायफाय म्हणजे काय ते तिने सांगितल्यावर त्यांनी मला सांगलीला फोन केला. "इंजिनिअरचा पत्ता हाय का तुमच्याकडं? घरची हीर आली म्हणून सांगा त्याला." डबीला पासवर्ड मात्र त्यांनी घालू दिला नाही. शेजारची पोरं कट्ट्यावर येऊन बसत आणि फोनमध्ये डोकं घालत. "येऊ द्यात की," ते म्हणत. "पर इचारत न्हाई बघा कुणी. आता म्हणे इचारायचं काम यंत्रच करतं."

नेमाण्णा गेले ते दुपारच्या झोपेत. तिसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. ओसरी भरली होती. टॉवर माळावर होता, डबीचा हिरवा दिवा भिंतीवर लुकलुकत होता, माणसं हळू आवाजात आपापल्या फोनवर बोलत होती. फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात स्थायिक झालेला संपत उशिरा पोचला. थकलेल्या हौसाबाई साताऱ्याच्या घरीच होत्या आणि पोचल्यावर फोन कर म्हणून त्यांनी बजावलं होतं. त्याने उंबऱ्यापाशी चपला काढल्या, खिशातून फोन काढला आणि नंबर लावण्याआधी आत पाहून विचारलं,

"हवा मोकळी हाय का?"

ओसरीवरचं बोलणं थांबलं. भूपालांनी कानाला लावलेला फोन खाली घेतला, मग एकेकाने. संपत डोळे मिटून थांबला. आतून कोणी उत्तर दिलं नाही.

मग त्याने नंबर लावला.