बाबांच्या बेंजोतली चूक

विनोदी मालिकेच्या संगीताचा अल्बम काढायची अक्कल ज्याने पाजळली, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मालिका एका सोसायटीच्या मीटिंगांवरची, मी शाळेत असतानाची. तिचं संगीत म्हणजे काय, तर सेक्रेटरी आला की आठ सेकंद, लिफ्ट बंद पडली की सहा, आणि शेजारीण दाराला कान लावून उभी राहिली की चार. हे तुकडे साफ करून, जोडून त्याचा अल्बम करायचा. करणार कोण? मी. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात स्टुडिओ आहे, तिथे माझी हीच नोकरी. चॅनेलच्या बाईंचा रोज फोन, "मॅडम, जरा लांबवा ना." अहो, चार सेकंद लांबवून लांबवून किती लांबवणार? च्युइंगगम आहे का ते?

बरं, ऑफिसात ही कटकट, तर घरी बाबा. त्या मालिकेच्या सुरुवातीच्या धूनमध्ये बेंजो वाजवलाय तो माझ्या बाबांनी. त्यांची गिरणी बंद पडल्यावर ते लालबागच्या एका बेंजो पार्टीत वाजवायचे. मिरवणुकीत त्यांचा एकच कायदा. मास्तरची शिट्टी वाजली की हातातलं गाणं जिथे असेल तिथे सोडायचं आणि पुढचं धरायचं. विचार करायचा नाही, वर बघायचंसुद्धा नाही. पंधरा-वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार?

रेकॉर्डिंगच्या दिवशी तेच झालं. आवाज नको म्हणून एसी बंद केलेला, उकडतं म्हणून खिडकी उघडी ठेवलेली, आणि धून अर्ध्यावर असताना खाली रस्त्यावर ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली. झालं! बाबांनी धून टाकली आणि थेट गणपतीत नाचतात त्या जाखडीची चाल धरली, ती पण जोरात. संगीतकाराला ते इतकं आवडलं की त्याने तेच ठेवलं. मालिका गाजली ती निम्मी त्या उडीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. अजून हिंदमाताच्या साडीच्या दुकानात कुणाच्या फोनवर ती वाजते आणि काउंटरवरचा माणूस मान डोलावतो.

बाबांना मात्र ती उडी ऐकली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. पार्टीतल्या लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं शिट्ट्या मारून छळलं होतं. अल्बम माझ्याकडे आलाय कळल्यापासून त्यांनी धोशा लावला. चहा घेताना, भाजी निवडताना, मी चप्पल घालताना. "माझी चूक तेवढी काढून टाक गो."

"बाबा, लोकांना तीच आवडते."

"आवडता खंय? लोक माका हसतत. मी मेल्यावर पण हसतले."

शेवटी त्यांनी जाहीर केलं की ते धून नव्याने वाजवणार, बिनचूक. डाव्या हाताची बोटं कापतात, पट्ट्या नीट दाबल्या जात नाहीत, पण हट्ट म्हणजे हट्ट. महिनाभर आमच्या त्या एवढ्याशा खोलीत सकाळ-संध्याकाळ तीच धून. भिंतीपलीकडच्या काकींनी आधी कौतुक केलं, मग दार लावायला लागल्या. माझं डोकं फिरायची वेळ आली. मी मालकाच्या हातापाया पडून रविवारी स्टुडिओ मागून घेतला, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे.

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बेंजो आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. पाच वेळा चुकले. सहाव्यांदा धून पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाजवली आणि घाम पुसत माझ्याकडे बघितलं. मी ऐकवली. अगदी बरोबर होती, आणि त्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. बँकेत फोन केल्यावर थांबवून ठेवतात तेव्हा वाजतं, तसं.

"आता हीच घाल," बाबा म्हणाले.

मग मात्र माझा बांध फुटला. "घालते ना! चांगलं ते काढते आणि हे मुळमुळीत घालते! ऐका जरा, काय काढायला सांगताय ते!" चॅनेलने पाठवलेली धून खरखरत होती म्हणून मी संगीतकाराच्या घरून मूळ टेप मागवली होती. ती तावातावाने लावली. धून, शिट्टी, जाखडी, शेवट. आणि आम्ही भांडतच राहिलो. ते म्हणत होते तुका काय कळता, मी म्हणत होते मला याचाच पगार मिळतो. टेप बंद करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तशी ती धूनच्या पुढे मीही कधी ऐकली नव्हती.

स्पीकरमधून आईचा आवाज आला. त्या दिवशी ती बाबांचा डबा घेऊन स्टुडिओत गेली होती, हे मला माहीतच नव्हतं.

"अवो, गणपती इले काय हयसर?"

आणि त्यावर कुणीतरी खो-खो हसलं. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत. बाकीचे नंतर हसले.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता, साध्या मोबाइलमध्येसुद्धा नाही. मला रडू आवरेना.

"ह्यो कोण हसता?" बाबांनी हळूच विचारलं.

"तुम्ही, बाबा. सगळ्यात आधी तुम्हीच हसलात."

त्यांनी परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. चौथ्यांदा ऐकताना ते टेपबरोबर हसले, अगदी तसेच, फक्त आवाज म्हातारा. मग बेंजो साडीत गुंडाळायला घेतला. बोटं कापत होती म्हणून गाठ मी मारली.

"तिचा बोलणा पण ऱ्हवांदे त्या अल्बमात," ते म्हणाले. "आणि आज मी वाजवलंय ता काढून टाक."

सोमवारी चॅनेलच्या बाईंचा फोन आला, मॅडम, जरा लांबवा ना. म्हटलं, लांबवलंय.