कुलूपवाले व्याही

कुलूप या वस्तूचा आमच्या व्याह्यांइतका मनापासून राग करणारा माणूस नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल. आणि या दोन जिल्ह्यांत लोक आज ज्यांना 'कुलूपवाले साहेब' म्हणून ओळखतात, तेही आमचे व्याहीच. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा आल्या, हे त्यांच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. ते सांगणार नाहीत, म्हणून मला सांगणं आलं. माझं वय आता पुढच्या वर्षावर काही टाकण्याचं राहिलेलं नाही.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. राहणार उदगीर, सगळी नोकरी वीज मंडळात. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तिथे यांचा पेचकस. त्यांच्या घराच्या दाराला कडी आणि कडीला सुतळी. चोर आला तर काय, असं विचारलं की म्हणत, "त्याला यायचंच असलं तर खामखा दरवाजा कशाला मोडायला लावावा?" लोखंडी कपाटाचं कुलूप त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विहीणबाईंना 'आतून कसं असतं' ते दाखवण्यासाठी काढलं, ते परत बसवायचं राहिलं ते राहिलंच. बंद वस्तू म्हणून त्यांना बघवत नाही. आमची मुलगी बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून ते भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघत होते. थोड्या वेळानं घड्याळ टीपॉयवर सुटं पडलं होतं, पोहे गार झाले होते आणि मुलीला काही विचारायचं राहूनच गेलं होतं. घड्याळ चालू झालं, ते कानाशी धरून म्हणाले, "पसंत हाय." मानपानाचं विचारलं तर म्हणाले, "एक बिघडलेला मिक्सर द्या." आम्हाला ती थट्टा वाटली. आम्ही कपड्यांबरोबर कोरा करकरीत मिक्सर दिला, तर माणूस लग्नभर रुसल्यासारखा. त्यात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ध्वनिक्षेपक बंद पडला आणि नवऱ्या मुलाचे वडील फेटा बांधलेल्या स्थितीत स्टेजखाली शिरले. 'सावधान' झालं तेव्हा आवाज परत आला होता आणि निम्म्या अक्षता स्टेजखालून बाहेर आलेल्या पायांवर पडल्या होत्या.

मी त्यांच्या अगदी उलटा. मी शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होतो. शाळा तपासायच्या, साहित्य नोंदीप्रमाणे आहे का बघायचं. ज्या शाळेतली चंचुपात्रं न फुटलेली, परीक्षानळ्या ओळीनं उभ्या, सूक्ष्मदर्शकावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं, तिच्या शेरेबुकात मी 'उत्कृष्ट' लिहिलं. असं 'उत्कृष्ट' मी हिमायतनगरपासून देगलूरपर्यंत लिहीत हिंडलो. विज्ञान काचेच्या कपाटात नीट ठेवलेलं असावं आणि मुलांनी ते बाहेरून बघावं, अशी माझी समजूत होती. मुख्याध्यापकांनाही ती सोयीची होती, कारण फुटलं तर भरपाई त्यांच्या अंगावर.

निवृत्त झाल्यावर व्याह्यांनी एकच गोष्ट डोक्यात घेतली: आपल्या भागात विज्ञान-तंत्रज्ञानाची एक सरकारी शाळा पाहिजे. आठवी ते बारावी, फी नाही आणि हातानं काम. "लातूरला पोरं पाठ करून राहिली, नांदेडला पोरं पाठ करून राहिली," ते म्हणत, "मग खोलून बघणार कोण?" अर्ज घेऊन ते कचेऱ्या पालथ्या घालू लागले. कुठे कागद अडला की समोरच्या साहेबांना म्हणायचे, "साहेब, तुमचा पंखा लई आवाज करून राहिला. खोलू का?" पंखा खाली उतरला की माणूसही जरा खाली उतरायचा. तो प्रस्ताव पंख्यापंख्यानं वर सरकला, असं मी नेहमी म्हणतो, आणि यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

मंजुरी आली तेव्हा शाळा कोणत्या जिल्ह्यात, यावर रण माजलं. मी नांदेडचा म्हणून नांदेडसाठी भांडलो. व्याही उदगीरसाठी भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि लोहा-अहमदपूरच्या मधल्या, दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका गावाच्या गायरानावर बोट टेकवलं. ग्रामसभा भरली. अंगणवाडी चालवणाऱ्या एक बाई उठल्या. गायरानाला लागून बौद्ध वस्ती आहे, त्या तिथल्या. म्हणाल्या, "शाळा होऊ द्या. पण फाटक आमच्या अंगानं ठेवा. न्हाईतर आमची लेकरं मागच्या भिंतीकडंच बघत बसतील." गावातले शेतकरी म्हणाले, रस्ता तर इकडून आहे. व्याह्यांनी सगळ्यांसमोर नकाशा उचलला आणि उलटा धरला. "घ्या, झालं त्यांच्या अंगानं. चार माणसं चालली की रस्ता होतोय." थोडी कुरकुर झाली, पण फाटक आजही तिकडेच आहे आणि रस्ताही झाला आहे.

कारभार समितीचा अध्यक्ष शिक्षण खात्यातला निवृत्त माणूस असावा, अशी अट होती. मी नको म्हणत होतो. व्याही म्हणाले, "लग्नातला माझा मान बाकी हाय. मिक्सर तुम्ही चालू दिला व्हता." अध्यक्ष झालो. नियम त्यांनी लिहिले. प्रयोगशाळेला कुलूप लागणार नाही. काही फुटलं तर कोणी फोडलं ते लिहायचं नाही, फोडून काय कळलं ते लिहायचं. आणि प्रयोगशाळेला जो कुलूप लावेल तो समितीत राहणार नाही. "कोण लावतंय!" असं म्हणून आमचे सदस्य, उदगीरचे डाळमिलवाले शेठजी हसले आणि नियम मंजूर झाला. बैठकाही प्रयोगशाळेत, स्टुलांवर बसून, आणि विषयपत्रिकेआधी प्रत्येक सदस्यानं एक प्रयोग करायचा. शेठजींनी लिटमसचा निळा कागद स्वतःच्या मिलच्या डाळीच्या पाण्यात बुडवला. तो लालसर झाल्यासारखा वाटला तेव्हा बैठकभर "माल खराब न्हाई हां" हे ते पुन्हा पुन्हा बजावत राहिले.

आता मुख्य गोष्ट. शाळेला थ्री-डी प्रिंटर आला. इतर शाळांत तो खोक्यात राहिला, आमच्याकडे पोरांनी पहिल्याच आठवड्यात चालू केला. एका शनिवारी शाळा अर्ध्या दिवसानं सुटली. नववीतली संघमित्रा, त्या अंगणवाडीवाल्या बाईंची मुलगी, पाण्याच्या पंपासाठी एक चक्र छापत होती. यंत्राला वेळ लागणार होता म्हणून ती शेजारीच घरी जेवायला गेली. शिपाई बाजाराला गेला होता. मी त्याच वेळी एक सही करायला आलो होतो. प्रयोगशाळेचं दार उघडं, आत कोणी नाही. माझ्या पिशवीत माझ्या बॅगेचं पितळी कुलूप होतं. मी विचार केला असता तर लावलं नसतं. पण उघडी प्रयोगशाळा दिसली की माझा हात विचारायला थांबत नसे. कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि नांदेडची बस धरली.

दुसऱ्या दिवशी नातवाचा वाढदिवस म्हणून व्याही आमच्याकडे जेवायला होते. खुंटीवरची किल्ली बघून त्यांनी विचारलं, ही कशाची? मी हसत सांगितलं. त्यांनी हातातली पुरी ताटात ठेवली. "द्या इकडं. जाताना उघडून जातो." ते गेले, तेव्हा प्रिंटर आत जळून काळा पडला होता. शनिवारी दुपारी वीज येत-जात होती. तशात प्लग काढायचा असतो हे त्या पोरीला माहीत होतं, पण ती काढणार कुठून?

सोमवारी तातडीची बैठक. आम्हा दोघांखेरीज समितीत कुलूप कोणीच पाहिलेलं नव्हतं, कारण व्याह्यांनी ते रविवारीच काढून खिशात टाकलं होतं. शेठजी तापले होते. "म्हणूनच म्हणत व्हतो. आजपासून कुलूप लावा, आन् भरपाई पोरीच्या घरून घ्या."

संघमित्राला बोलावलं. ती सरळ उभी राहून म्हणाली, "सर, मी जेवून आले तर दाराला कुलूप व्हतं. मी खिडकीतून बघून राहिले व्हते. धूर निघाला तरी आत जाता येईना."

"कुलूप?" शेठजी म्हणाले. "ज्या शाळेत कुलूपच न्हाई, तिथं आलं कुठून बाई?"

कोणीतरी हसलं. तिची आई पालकांच्या वतीनं समितीत होती. ती स्टुलावरून उठली. "माझी लेक खोटं बोलत न्हाई. बोलती म्हणत असाल तर आत्ताच दाखला द्या. घेऊन जाते."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, दिव्याचं बटण दाबून दिवा लागायची वाट बघावी तसं. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश सगळा प्यालो. ग्लास खाली ठेवेपर्यंत ते थांबले. मग उभे राहिले आणि खिशातून कुलूप काढून परीक्षानळ्यांच्या शेजारी ठेवलं.

"पोरगी खरं बोलून राहिली. कुलूप व्हतं. मी लावलं. मशीन माझ्यामुळं जळालं."

"तुम्ही?" शेठजींचा विश्वास बसेना. "साहेब, तुम्ही आन् कुलूप?"

"हाव, मीच. म्हातारपण." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अध्यक्ष, नियम वाचा."

मी वाचला. स्पष्ट आवाजात वाचला, शेरेबुक वाचावं तसा. त्यांचा नियम, त्यांचं अक्षर, आणि त्यानंच ते समितीबाहेर गेले. कुलूप लावण्याचा ठराव मात्र तिथेच पडला, कारण संघमित्राची आई म्हणाली, "म्हंजे कुलूप लावलं म्हणून जळालं की. उघडं असतं तर न्हाई." पुढे नवा प्रिंटर शेठजींनीच घेऊन दिला, तेवढा मोठेपणा त्यांचा.

फाटकाबाहेर व्याह्यांनी माझ्या हातात किल्ली ठेवली. "तुमची वस्तू." मी विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "सूनबाईच्या बापाची मान भर बैठकीत खाली गेली तर उद्या सकाळी मला चहा कोण देईल?" आणि आपल्याच विनोदावर हसत बसमध्ये चढले. कुलूप त्यांच्या घरी गेलं, किल्ली माझ्या खुंटीवर आली, आणि त्याविषयी पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

नाव मात्र त्यांना चिकटलं. कुलूपवाले साहेब. उदगीरला कोणाचं कपाट अडकलं की लोक त्यांना बोलवायला येऊ लागले, आणि हे पेचकस घेऊन निघायचे. विहीणबाई म्हणायच्या, बदनामीतसुद्धा यांना काम मिळालं. इकडे लांबलांबच्या शाळांतून माणसं कुलूप नसलेली प्रयोगशाळा बघायला आली, 'ही कल्पना कशी सुचली' म्हणून मला विचारू लागली, आणि खोटं बोलायला नको म्हणून मी नुसताच हसायचो. त्या हसण्यावर मला शाली मिळाल्या. आमच्या कपाटात नीट घड्या घालून ठेवल्या आहेत. कपाटाला कुलूप आहे.

असंच चाललं असतं. पण यंदाच्या स्नेहसंमेलनाला संघमित्रा पाहुणी म्हणून आली. नांदेडला अभियांत्रिकी झाली, आता पाण्याच्या पंपांवर काम करते. मुलांना म्हणाली, "मशीन कशी खोलायची ते मी आपल्या कुलूपवाल्या सरांकडून शिकले. आन् चूक झाली तर सगळ्यांसमोर उभं राहून कशी सांगायची, तेपण त्यांच्याकडूनच." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मधल्या खुर्चीत हार घालून बसलो होतो. समोर मुलांमध्ये सतरंजीवर बसलेले व्याही सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

म्हणून इथवरचं हे लिहिलं. शाळेच्या वार्षिक अंकात छापायला द्यायच्या आधी त्यांना वाचून दाखवावं, म्हणून परवाच्या गुरुवारी शाळेत गेलो. समितीतून गेले तरी दर गुरुवारी ते मुलांत असतात. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर नियमाप्रमाणे राजीनामा ठेवला, संघमित्राला फोन केला, आणि मग प्रयोगशाळेत शिरलो. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, हे अंकात छापा. नुसतं मला सांगून भागणार न्हाई." तिचं बरोबर आहे.

व्याह्यांच्या डोळ्यांना आता फार दिसत नाही. स्क्रू कोणत्या मापाचा ते बोटानं चाचपून सांगतात. मी वाचत होतो, ते ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मिक्सरचं चुकलं. मी रुसलो न्हवतो. तो मी घरी नेऊन बिघडवला, मग दुरुस्त केला." मग त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं. म्हणजे मी किल्ली घेऊन येतोय, एवढं मी फोनवर माझ्या मुलीला सांगितलं होतं, ते तिनं त्यांना कळवलं होतं. मी खिशातून किल्ली काढली. इतक्या वर्षांनी दोन्ही एकत्र आली. किल्ली थोडी अडली, मग फिरली.

"आठवीवाले, या इकडं," त्यांनी हाक मारली. "आतून कसं असतं बघू." पेचकसानं काम होईना, म्हणून एका मुलीनं कानस आणली. खर्र खर्र आवाज सुरू झाला. उन्हं उतरली होती. माझी बस आठवून मी उठलो, तर त्यांनी न बघताच माझी बाही धरली.

"बसा हो व्याही. आता कुठली मीटिंग हाय तुम्हाला? आपण दोघंबी भाईरच."

मी बसलो. स्टुल अजूनही तसंच डुगडुगतं. थोड्या वेळानं कुलूप उघडलं, म्हणजे पार उघडलं: एक स्प्रिंग, बारीक पितळी खिळ्या आणि आतली कधीच न दिसलेली चकचकीत बाजू. मुलं त्यावर डोकी एकत्र करून वाकली, आणि व्याह्यांनी एक एक तुकडा बोटांत घेऊन, नाव सांगून, माझ्या तळहातावर ठेवायला सुरुवात केली.